बसच्या पायरीवरचा चार्ज

साहेबरावांचं पुढे सगळं भलंच झालं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. पण मधले काही आठवडे त्या माणसाने कसे काढले ते ऐकण्यासारखं आहे, आणि ते सांगायचं तर एका इंग्रजी शब्दापासून सुरुवात करावी लागते. तो शब्द म्हणजे चार्ज.

साहेबराव मूळचे वडगाव रासाईचे. गाव भीमेच्या काठी, पाण्याला तोटा नाही. पण ते पाणी ज्या रानांत जायचं त्यात साहेबरावांच्या वडिलांचं रान नव्हतं. वडील दुसऱ्यांच्या बैलगाड्यांत ऊस भरायला जायचे. साहेबराव कसेबसे बारावी झाले आणि कुरकुंभला केमिकलच्या कंपन्या उभ्या राहायला लागल्या तशी एका कंपनीत हेल्पर म्हणून चिकटले. पहिल्याच दिवशी सुपरवायझरने पावडरच्या गोण्यांकडे बोट केलं आणि म्हणाला, "ये माल चार्ज करो." साहेबरावांना चार्ज माहीत होता तो ट्रॅक्टरच्या बॅटरीचा. गोणी कशी चार्ज करतात ते काही त्यांच्या डोक्यात शिरेना. शेवटी शेजारच्या बिहारी कामगाराने रिॲक्टरचं, म्हणजे रसायन शिजवायच्या बंद टाकीचं, झाकण उघडून गोणी त्याच्या तोंडात उपडी केली, तेव्हा उजेड पडला. माल आत भरणे म्हणजे चार्ज करणे.

मग हा शब्द त्यांना पावलोपावली भेटत गेला. पाळी बदलताना आपलं काम दुसऱ्याच्या हवाली करायचं, तोही चार्जच. बढती मिळाली ती शिफ्ट-इन्चार्जची. लाईट बिलावर वापरलेल्या विजेशिवाय वर आणखी एक चार्ज. मोर्चावर पोलीस धावून आले की लाठीचार्ज. घरी मोबाईल आला तर त्याच्या शेपटीलाही हाच शब्द बांधलेला. एका शब्दाने किती घरचं पाणी भरावं, याला काही मर्यादा? साहेबरावांना त्याची गंमत वाटायची. त्यांची मुलगी करुणा शिरूरला कॉलेजात इंग्रजी शिकवते. ती घरी आली की ते तिला म्हणायचे, "तुझ्या इंग्रजांकडं शब्दांचा दुष्काळ दिसतोय."

साहेबराव स्वतः कामाला चोख माणूस. दौंडात घर बांधलं, पोरीला शिकवलं, आणि निवृत्ती चार महिन्यांवर आली तरी कंपनीत त्यांच्याविरुद्ध कुणी ब्र काढलेला नव्हता. याचा त्यांना अभिमान होता आणि तो ते लपवतही नसत. चहाच्या टपरीवर कुणी ओळख करून दिली की स्वतःच जोडायचे, "अजून एक मेमो न्हाई बरं का आपल्याला."

आता कंपनीतली एक रीत सांगायला हवी, कारण सगळं रामायण तिच्यातूनच घडलं. नियम असा होता की पाळी बदलताना जाणाऱ्याने आणि येणाऱ्याने रिॲक्टरपाशी उभं राहायचं, तापमानाचा काटा दोघांनी बघायचा, कुठला वॉल्व्ह उघडा आणि कुठला बंद ते हात लावून दाखवायचं, आणि मगच जाणाऱ्याने पाय काढायचा. हा नियम भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलेलाही होता. पण दुपारी दुसऱ्या पाळीची माणसं घेऊन दौंडहून जी बस यायची तीच पहिल्या पाळीला घेऊन लगेच परत फिरायची, आणि तिचा ड्रायव्हर भिमाजी म्हणजे घड्याळाचा सख्खा भाऊ. तीनचे सव्वातीन झाले तर त्याचा हॉर्न आणि तोंड दोन्ही सुरू. आत जाऊन काटे बघत बसलं तर बस चुकलीच म्हणून समजा. मग पुढे कुरकुंभच्या फाट्यावर वडापच्या जीपची वाट बघत उन्हात उभं राहायचं.

त्यामुळे वर्षानुवर्षं चार्ज दिला जायचा तो बसच्या पायरीवर. येणारा उतरतोय, जाणारा चढतोय, एकाचा एक पाय जमिनीवर तर दुसऱ्याचा एक पाय पायरीवर, आणि तेवढ्यात काय ते बोलून घ्यायचं. "तीन नंबर रिकामा, पाच चालू, सातला पाणी." "हां मामा." झाला चार्ज. तोवर रिॲक्टरपाशी हेल्पर असायचाच. लॉगबुकात "बॅच कूलिंगवर, सर्व ठीक" एवढंच लिहायचं, बाकी तोंडी. हे सुपरवायझरला ठाऊक होतं, मॅनेजरला ठाऊक होतं, आणि कदाचित त्या भिंतीलाही ठाऊक असावं.

साहेबरावांचा चार्ज घ्यायचा तो पप्पूने. पप्पू मूळचा कासुर्डीचा, घरची थोडी बागायत, पण भाऊबंद फार म्हणून नोकरीला लागलेला. दौंडात भाड्याने राहायचा. बायको, दोन लहान लेकरं. बोलायला गडबड्या, कामाला वाईट नाही. साहेबरावांना मामा म्हणायचा आणि दर चौदा एप्रिलला त्यांच्या घरी हक्काने जेवायला यायचा.

एका बुधवारी सात नंबरच्या रिॲक्टरमध्ये बॅच थंड होत होती. साध्या पाण्यावर थोडी थंड झाली की साडेतीनला तिला ब्राईनवर टाकायचं होतं. ब्राईन म्हणजे बर्फासारखं गार केलेलं मिठाचं पाणी. ते वेळेवर सोडलं नाही तर माल आतल्या आत तापतो आणि वाया जातो. साहेबराव पाळी संपवून निघाले, बसपाशी पप्पू भेटला, नेहमीसारखं बोलणं झालं, बस सुटली. आणि साडेतीनला सात नंबरला ब्राईन कुणीच सोडलं नाही. काटा चढायला लागला तेव्हा हेल्परने आरडाओरडा केला, पळापळ झाली, रिॲक्टर काबूत आला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, हे नशीब. पण बॅच डांबरासारखी काळी पडली ती पडलीच.

दोघांनाही कंपनीकडून पाकीट आलं. साहेबरावांनी ते उघडलं आणि वरच्याच ओळीत त्यांचा जुना दोस्त बसलेला दिसला. चार्जशीट. "सदर कामगार चार्ज न देता कामाची जागा सोडून गेला" असा आरोप. सिद्ध झाला तर नोकरीवरून काढणार. चार महिन्यांनी हार-नारळ घेऊन घरी यायचं ते आता मान खाली घालून यायची वेळ.

पप्पूने आपल्या उत्तरात लिहून दिलं की ब्राईनचं मला कुणी सांगितलंच नाही. झालं, आता एकाचं खरं तर दुसऱ्याचं खोटं. युनियनचे हौसराव साहेबरावांच्या बाजूने उभे राहणार होते. त्यांनी मांडी थोपटून सांगितलं, "साहेबराव, तुमी एकच वाक्य बोलायचं. मी स्पष्ट सांगितलं व्हतं. तुमच्या इतक्या वर्षांच्या नोकरीपुढं त्या पोराचं कोण ऐकतंय? पप्पू जाईल, तुमी सुटाल."

सल्ला बिनतोड होता. अडचण एकच होती, आणि ती साहेबरावांनी हौसरावांनाही सांगितली नाही. त्या बुधवारी पप्पूला ब्राईनचं सांगितलं की नाही, हे त्यांना आठवत नव्हतं.

आठवावं तरी कसं? रोज तीच बस, तीच पायरी, तीच वाक्यं. "सातला पाणी हाय, साडेतीनला ब्राईनवर टाक," हे वाक्य म्हणताना त्यांना स्वतःचा आवाज स्पष्ट ऐकू यायचा. पण तो बुधवारचा आवाज की त्याआधीच्या सोमवारचा? की गेल्या दिवाळीतला? घराला कुलूप लावलं का, असा प्रश्न वाटेत पडतो आणि डोळ्यापुढे कालचं लावलेलं कुलूप येतं, तसली गत. जितकं आठवायला जावं तितकं ते आणखी गढूळ व्हायचं. एकदा तर त्यांनी बायकोला, विठाबाईंना, दाराच्या पायरीवर उभं केलं.

"तू पप्पू. तू उतरतीयास. मी चढतोय."

"आन् माझी भाजी करपतीय तिकडं, तिचं काय?"

"गप. सातला पाणी हाय... आता तू काय म्हणशील?"

"मी म्हणंन, मामा, डोकं ठिकाणावर हाय का?" असं म्हणून विठाबाई आत गेल्या. साहेबराव उंबऱ्यावर तसेच उभे राहिले.

रविवारी करुणा आली. पाकीट वाचून तिचा चेहरा उतरला, पण बापापुढे रडण्यातली ती नव्हे. साहेबरावच कसनुसं हसत म्हणाले, "करुणा, हा शब्द शेवटी उलटलाच की माझ्यावर. बघ तरी, आला कुठनं हा?"

करुणाने मोबाईलवर कोश उघडला. अर्थ खाली खाली वाचत गेली तरी संपेनात. मग ती मुळापाशी पोचली आणि थांबली.

"आप्पा, हा गाडीतून आलाय."

"कसल्या गाडीतून?"

"चाकाच्या, ओझं वाहायच्या गाडीतून. लॅटिनमध्ये कारुस म्हणजे गाडी. आपण कार म्हणतो ना, तीही तिथलीच. त्या गाडीत माल भरणं, हा चार्जचा पहिला अर्थ. मग बंदुकीत दारू भरणं, भट्टीत माल भरणं. काम सोपवलं तर ते अंगावर टाकलेलं ओझं, आरोप केला तर तोही माथ्यावर ठेवलेलं ओझं, आणि पैसे लावले तर खिशावरचं. वीजसुद्धा आधी भांड्यात भरून ठेवायचे, म्हणून बॅटरीचा चार्ज. सगळे अर्थ त्या एका गाडीचेच. आणि आपल्याकडं काय वेगळं आहे? कार्यभार म्हणतो. प्रभारी म्हणतो. शाळेच्या पुस्तकात विजेचाही प्रभारच. भार सगळीकडं आहेच."

इतकी वर्षं ज्या शब्दाची साहेबराव टिंगल करत आले, तो त्यांच्या बापाच्या धंद्यातला निघाला होता. भरलेली गाडी त्यांनी लहानपणी किती पाहिली होती. आणि गाडी आठवली तशी दोरही आठवला.

"आमच्या बापाची एक रीत व्हती," ते म्हणाले. "ऊस भरून झाला की वरनं दोर टाकायचा. तो दोर एकट्यानं आवळायचा न्हाई. भरणारा एका अंगाला, हाकणारा दुसऱ्या अंगाला. दोघांनी मिळून वढायचा. भरणाऱ्यानं एकट्यानं आवळला आन् वाटंत मोळ्या सांडल्या, तर हाकणारा म्हणणार तू नीट बांधलं न्हाईस, आन् भरणारा म्हणणार तू नीट हाकली न्हाईस. जलमभर भांडण. म्हणून दोघांचे हात लागल्याबिगर गाडी हलू द्यायचा न्हाई आमचा बाप. मालक वरडला तरी न्हाई."

"मग?" करुणा म्हणाली.

"मग काय. आमी दोघांनी दोर आवळलाच न्हाई, करुणा. नुसतं पायरीवर 'दोर, दोर' म्हणत राहिलो."

त्यानंतर चौकशीचा दिवस येईपर्यंत साहेबराव पहिल्यासारखे बेचैन नव्हते. आठवायचा खटाटोप त्यांनी सोडून दिला होता. भीती मात्र होती, आणि ती होणारच. खरं बोलून माणूस सुटतोच असा काही कायदा नाही, हे त्यांनी पुष्कळ पाहिलं होतं.

चौकशी चालवायला दौंडचे एक वकील आले होते, बापूसाहेब म्हणून. जाडजूड, शांत माणूस. कॅन्टीनशेजारच्या खोलीत टेबल मांडलेलं. एका बाजूला मॅनेजर, दुसऱ्या बाजूला साहेबराव आणि हौसराव, आणि भिंतीलगत पप्पू. पप्पूची दाढी वाढलेली, डोळे लाल. साहेबरावांकडे तो बघत नव्हता.

"साहेबराव," बापूसाहेबांनी विचारलं, "सात नंबरला साडेतीनला ब्राईन सोडायचं आहे, हे तुम्ही पप्पूला सांगितलं होतं का?"

हौसरावांनी टेबलाखालून साहेबरावांच्या पायाला पाय लावला.

"साहेब," साहेबराव म्हणाले, "मला आठवत न्हाई."

हौसरावांनी कपाळावर हात मारला. मॅनेजरने खाली काहीतरी लिहिलं. सुरुवात झाली होती, तेव्हा साहेबराव बोलत गेले. "रोज सांगतो साहेब. म्हणून त्या दिवशीबी सांगितलं असंल. पण सांगितलंच, असं छातीवर हात ठिवून म्हणवत न्हाई. मी तसं म्हटलं तर त्या पोराची नोकरी जाईल. आन् सांगितलं नसंल तर ते पाप कुठं फेडू? आमी चार्ज पायरीवर देतो, साहेब. एवढं मात्र मला पक्कं म्हाईत हाय."

तेवढ्यात भिंतीलगतचा पप्पू एकदम ताडकन उभा राहिला.

"मलाबी आठवत न्हाई साहेब!" त्याचा आवाज चिरकला. "मी लिहून दिलं, मला सांगितलं न्हाई. पण मला आठवतच न्हाई. मी रोज 'हां मामा' म्हणतो. त्या दिवशीबी म्हटलं. कशाला म्हटलं ते ध्यानात न्हाई. भावकीतल्यांनी सांगितलं असं लिही, न्हाईतर जाशील. मी लिहिलं. तवापासनं डोळ्याला डोळा न्हाई."

बापूसाहेबांनी पेन खाली ठेवलं. आधी साहेबरावांकडे पाहिलं, मग पप्पूकडे, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. हसू दाबायचा त्यांनी प्रयत्न केला, पण जमलं नाही. "इतकी वर्षं वकिली करतोय," ते म्हणाले, "एकाला सगळं आठवतं आणि दुसऱ्याला तेच उलटं आठवतं, हेच बघत आलो. दोन्ही बाजूंना आठवत नाही, असं पहिल्यांदा ऐकतोय."

त्यांनी भिमाजीला बोलावून घेतलं. भिमाजी टोपी काढून उभा राहिला. त्या दिवशी हे दोघे काय बोलले, असं विचारल्यावर म्हणाला, "बोलले की साहेब. रोजच बोलत्यात. मला त्यांचं बोलणं आन् माझा हॉर्न सारखंच ऐकू येतं."

मग बापूसाहेब मॅनेजरकडे वळले. "भिंतीवर नियम रंगवलाय तो मी येताना वाचला. रिॲक्टरपाशी उभं राहून चार्ज दिलेला तुम्ही शेवटचा कधी पाहिलात?"

मॅनेजर भला माणूस होता, खोटं बोलला नाही. "बस सुटते ना," एवढंच म्हणाला.

"मग बस थांबवा," बापूसाहेब म्हणाले. "पाव तास उशिरा सोडा. त्या पाव तासात दोघांनी आत जाऊन काटा बघायचा आणि वॉल्व्हला हात लावायचा. बाकी माझा निकाल रीतसर लेखी येईलच, पण या दोघांचा जीव भांड्यात पडू द्या. दोघांना ताकीद मिळेल. नोकरी कुणाची घालवावी असं यात काही नाही."

हौसरावांनी मोठा श्वास सोडला आणि लगेच, जणू हे सगळं आपल्याच डोक्यातून निघालं होतं अशा थाटात, मॅनेजरशी बसच्या वेळेची बोलणी सुरू केली. त्यांचंही बरोबर होतं. पुढच्या निवडणुकीत सांगायला काहीतरी लागतंच.

बाहेर आल्यावर पप्पूने साहेबरावांचे पाय धरले. साहेबरावांनी त्याला दंडाला धरून उठवलं.

"मामा, तुमी 'सांगितलं' म्हटलं असतं ना, तर मी संपलो असतो."

"व्हय. आन् तू लिहिलं व्हतंस त्यावर अडून बसला असतास, तर मी संपलो असतो."

"मला लई भ्या वाटत व्हतं."

"मला काय कमी वाटत व्हतं?" साहेबराव म्हणाले. "चल, चहा घेऊ. तू पाज. ताकीद मिळवून दिलीस मला म्हातारपणी." पप्पू हसला, आणि हसता हसता बाहीने डोळे पुसायला लागला. टपरीवर दोघांनी एकेक चहा घेतला, मग आणखी एकेक घेतला, आणि पुष्कळ वेळ कंपनीचं सोडून बाकी सगळं बोलले. पप्पूच्या धाकट्याला दात येत होते, कासुर्डीत कांदा बरा निघाला होता. असल्या गोष्टी इतक्या गोड लागू शकतात, हे साहेबराव विसरूनच गेले होते.

संध्याकाळी घरी आले तेव्हा विठाबाई दारातच होत्या. नवऱ्याचा चेहरा बघून त्यांनी काही विचारलं नाही, आधी ताट वाढलं. करुणाचा फोन येऊन गेला होता, तिला परत फोन लावून झाला, ती पलीकडे रडली आणि मग बापावरच रागावली की लवकर का कळवलं नाही. ते सगळं उरकल्यावर विठाबाई समोर बसल्या.

"मग चूक कुणाची निघाली शेवटी?"

"दोघांची."

"आन् त्यात एवढं खूश व्हायला काय झालं? ताकीद मिळाली न्हवं? इतकी वर्षं सांगत फिरत व्हता, एक मेमो न्हाई म्हणून."

साहेबरावांनी घास तोंडापाशी थांबवला. "एकट्या पप्पूची निघाली असती," ते म्हणाले, "तर आज त्याच्या घरी चूल पेटली नसती. माझ्या एकट्याची निघाली असती, तर आपल्या घरी. दोघांची निघाली, म्हणून दोन्ही घरी ताटं वाढलेली हायेत. आता मला पोटभर जेवू दे."